एका मुलीचे दोन अर्ज

टेबलावर दोन अर्ज होते. मुलगी एकच. जन्मतारीख एकच, दवाखाना एकच, खाली बापाची सहीसुद्धा एकाच पेनानं केलेली. फरक होता तो नावाच्या रकान्यात. एका अर्जात लिहिलं होतं, अन्वी पिंपळशेंडे-राजूरकर. दुसऱ्यात, अन्वी राजूरकर-पिंपळशेंडे. दोन्ही अर्ज एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतरानं, दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी आणून दिले होते.

मी वणी भागातल्या एका छोट्या गावाच्या नगर पंचायतीत जन्म-मृत्यू नोंदणीचं काम बघते. गावाचं नाव सांगत नाही, कारण रिटायर झाल्यावरही मला तिथेच राहायचं आहे.

आमचं काम साधं असतं. बाळ जन्मलं की दवाखाना आम्हाला कळवतो. तेव्हा नाव ठरलेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा ठेवून आम्ही जन्माची नोंद करतो. पुढे बारसं झालं की आईबाप अर्ज देतात आणि आम्ही नाव चढवतो. एकदा चढलं की चढलं. आमच्या हातून लिहिण्यात चूक झाली तर दुरुस्ती होते. ‘आता आम्हाला दुसरं आवडतं’ याला दुरुस्ती म्हणत नाहीत. लोक लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ चार-चार जणांकडून तपासून घेतात आणि लेकराच्या जन्मभराच्या नावाचा अर्ज आमच्या जिन्यात उभं राहून, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून भरतात. वीस वर्षं हे बघते आहे, आणि दर वेळी माझं डोकं तापतं.

अन्वी तीन वर्षांची झाली होती. आधार नाही, काही नाही. लसीकरणाच्या कार्डावर अजून ‘बेबी ऑफ तेजस्विनी’ होती.

मी अर्जावरचा नंबर बघून बापाला फोन लावला. गौरव पिंपळशेंडे. मारेगावला त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. जून महिना, दुकानात गर्दीचे दिवस, तरी तासाभरात घामाघूम होऊन आला. चांगला उंचापुरा माणूस, पण माझ्यासमोर असा बसला की जणू शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलंय.

“दोन्ही अर्जांवर सही तुमचीच?”

“हो मॅडम.”

“का?”

“एक बाबानं मांगतली. एक सासऱ्यानं मांगतली.”

“आणि तुम्ही दोघांना दिली?”

“नाई म्हणाले जमत नाई मॅडम. एका घरी राह्यतो, दुसऱ्या घरी जेवतो.”

“मग मी यातलं कोणतं नाव चढवायचं?”

“मले वाटलं, सरकारी काम हाय, तुमी दोन्ही रिजेक्ट करसान. मंग आमाले घरी सांगता येईन का ऑफिसनंच नाई म्हटलं.”

म्हणजे घरात वाईट व्हायला नको म्हणून त्यानं ते काम माझ्याकडे पाठवलं होतं. मला राग आला, आणि थोडं कौतुकही वाटलं. इतका सरळ भित्रेपणा हल्ली बघायला मिळत नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. गौरव शेतकऱ्याच्या घरचा. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं घरचं. तेजस्विनी राजूरकरांची एकुलती एक. तिचे वडील माधवराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दोघं नागपूरला शिकताना भेटले. घरच्यांनी आधी तोंडं वाकडी केली, मग मुलांचं ठरलंच आहे म्हटल्यावर रीतीप्रमाणे बैठक बसवली.

बैठक म्हणजे साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, दोन्हीकडची मोठी माणसं बसतात आणि लग्नाचं सगळं ठरवतात. मंडप कोणाचा, जेवण कोणाचं, नवरदेवाचे कपडे कोणी घ्यायचे, पाव्हण्यांची सोय कोणी करायची. जे ठरेल ते कागदावर लिहितात. त्या कागदाला यादी म्हणतात. या बैठकीत माधवराव राजूरकरांनी एकच गोष्ट मागितली. मला मुलगा नाही, पहिल्या नातवंडाच्या नावात आमचंही आडनाव राहू द्या. गौरवचे वडील नामदेवराव पिंपळशेंडे मोठ्या मनाचे. ते म्हणाले, आमाले तुमच्याकून काहीच नाई पायजे, आडनाव पायजे त खुशाल घाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, यादीत कलम पडलं आणि लोक जेवायला उठले.

लग्न झालं, अन्वी झाली, आणि बारशाच्या दिवशी कुणीतरी विचारलं, “दोन आडनावं ठीक आहे, पण आधी कोणतं?”

तेव्हापासून तीन वर्षं व्याही एकमेकांशी बोलत नव्हते.

“मग आताच एवढी घाई का?” मी विचारलं.

गौरवनं खिशातून घडी केलेला कागद काढला. वणीच्या एका शाळेचा ॲडमिशनचा फॉर्म. आमच्या भागात ही एकच शाळा अशी, जी नर्सरीची लेकरं संध्याकाळपर्यंत सांभाळते. तेजस्विनी राजूरजवळच्या खाणीच्या सर्व्हे ऑफिसात होती. तिची सगळी रजा वापरून झाली होती. सोमवारी जॉइन व्हायचंच, नाहीतर राजीनामा द्यायचा. पोरीची एक आजी गुडघ्यांनी बसलेली, दुसरी आता नाही. ॲडमिशनची शेवटची तारीख शुक्रवार, आणि शाळेला नाव असलेलं जन्म प्रमाणपत्र हवं.

“आज बुधवार आहे,” मी म्हटलं.

“माहीत हाय मॅडम,” तो म्हणाला. “हा फॉर्म आला त्या दिवशीपासून बायको माझ्यासंग बोलून नाई राह्यली.”

मी दोन्ही अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. आमचे साहेब तरुण, पुण्याकडचे, आमच्याकडे येऊन चारच महिने झालेले. त्यांनी दोन्ही अर्ज उलटसुलट करून पाहिले.

“फरक काय आहे यात?”

“आडनावांचा क्रम, सर.”

“एवढंच? मग त्यांना सांगा एकमेकांत ठरवून या.”

“तीन वर्षं ठरवतायत.”

“असं करा, जिल्ह्याकडून मार्गदर्शन मागवा.”

मार्गदर्शन म्हणजे वरच्या ऑफिसला पत्र लिहून विचारायचं की आम्ही काय करावं. ते ऑफिस उलट विचारतं की तुमचा अभिप्राय काय. मग आपण अभिप्राय कळवायचा आणि त्यांनी म्हणायचं, अभिप्रायाप्रमाणे कार्यवाही करावी.

“मागवते सर,” मी म्हटलं. “पण ते येईपर्यंत मुलगी दहावीचा फॉर्म भरेल.”

साहेब हसले नाहीत. “मग मिटवा तुम्ही. पण माझ्या केबिनमध्ये नको.”

गुरुवारी सकाळी दहाला माधवराव राजूरकर हजर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, हातात टाइप केलेला अर्ज. विषय, संदर्भ एक, संदर्भ दोन, महोदया. संदर्भ एक म्हणजे लग्नाची यादी होती. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसानं घरगुती कागदाला संदर्भ म्हणून लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मॅडम, आपण एकाच खात्यातले लोक,” ते म्हणाले. मी त्यांच्या खात्यातली नाही, पण बोलू दिलं. “कलमात स्पष्ट आहे, राजूरकर आधी. लेखी आहे. साक्षीदार आहेत.”

“तुमच्या मुलीचं म्हणणं काय?”

“ती लहान आहे अजून.”

ती एकतीस वर्षांची होती.

ते गेले आणि दुपारी नामदेवराव पिंपळशेंडे आले. धोतर, टोपी, आणि हातात गावरान आंब्यांची पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलाखाली सरकवली.

“पाटील,” मी म्हटलं, आमच्याकडे वयस्क शेतकऱ्याला असंच म्हणतात, “हे परत न्या. ऑफिसात चालत नाही.”

“बाप्पा! आंबे हायत, कायची लाच? तुमी बहिणीसारख्या.”

“बहीण असले तरी घरी द्या. इथं नका देऊ.”

पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि मुद्द्यावर आले. “आमच्यापाशी यादी हाय. त्यात लिवलं हाय, पिंपळशेंडे पयले. बापाचं नाव पयले नाई येईन त कोणाचं येईन? राजूरकर बुवा शिकले-सवरले, पण काहून असे अडून बसले, मले समजत नाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका आली. एक यादी म्हणते राजूरकर आधी. दुसरी म्हणते पिंपळशेंडे आधी. मी दोघांना निरोप दिला, उद्या अकराला मूळ यादी घेऊन या. झेरॉक्स नको. गौरवलाही सांगितलं, बायकोला घेऊन ये, आईबापांच्या सह्या माझ्यासमोर व्हायला पाहिजेत.

शुक्रवारी अकराला दोन्ही म्हातारे आले. बाकाच्या दोन टोकांना बसले. मधल्या जागेत एक बाई मृत्यूचा दाखला न्यायला आली होती, तिच्या डोक्यावरून हे दोघं एकमेकांना न बघण्याचं काम करत होते. गौरव आणि तेजस्विनी यायला दीड वाजला, कारण बियाणांची गाडी आली होती. तेजस्विनी सडपातळ, चष्मा, खांद्यावर ऑफिसची बॅग. अन्वी तिच्या कडेवर, हातात बिस्किट. शाळेचं ऑफिस चारला बंद होणार होतं आणि वणी तिथून मोटरसायकलनं चाळीस मिनिटं.

मी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

राजूरकरांची प्रत त्यांच्याच हातची. अनुक्रमांक घातलेले, खाली रेघ ओढलेली. पिंपळशेंड्यांची प्रत त्यांच्या पुतण्यानं वहीचं पान फाडून लिहिलेली, कोपऱ्यावर वरणाचा डाग. बैठकीत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस लिहायला बसतो आणि आपापली प्रत लिहितो. मग सह्या होतात. त्यात रीत अशी की मुलीकडच्या प्रतीवर मुलाचा बाप सही करतो आणि मुलाकडच्या प्रतीवर मुलीचा बाप. म्हणजे कागद ज्याच्याकडे राहणार त्याच्याकडे समोरच्याची सही असली पाहिजे. कबूल केल्याची खूण म्हणून.

मी दोन्ही प्रतींवरचं आडनावाचं कलम वाचलं. मग खालची सही वाचली. पुन्हा एकदा वाचली, कारण मला हसू येत होतं आणि ऑफिसात हसणं बरं दिसत नाही.

“राजूरकर साहेब, या वहीच्या पानावर सही कोणाची?”

त्यांनी चष्मा लावला. “माझी.”

“तुमचीच ना? नक्की?”

“माझी सही मी ओळखणार नाही का?”

“या पानावर पिंपळशेंडे आधी लिहिलंय.”

राजूरकरांनी पान हातात घेतलं. ते बराच वेळ वाचत राहिले.

“पाटील, आणि ही राजूरकरांच्या प्रतीवरची सही?”

“आमचीच हाय. इंग्रजीत करतो आमी.”

“या प्रतीत राजूरकर आधी आहे.”

नामदेवराव म्हणाले, “ऑ?”

झालं होतं ते असं. लिहिणाऱ्या प्रत्येकानं सवयीनं आपलं आडनाव आधी लिहिलं. आणि प्रत्येक व्याह्यानं समोरच्याच्या कागदावर न वाचता सही ठोकली, कारण आत जेवणाची पानं मांडून झाली होती. तीन वर्षं दोघं आपापली प्रत छातीशी धरून भांडत होते, आणि दोघांनीही समोरच्याचं म्हणणं लेखी कबूल केलेलं होतं.

मला वाटलं, आता दोघं हसतील आणि मिटेल. मी या भागातल्या माणसांना वीस वर्षं ओळखते, तरी मला असं वाटलं.

नामदेवराव आधी उभे राहिले. “सही केल्ली म्हणजे शब्द देल्ला. लिवा मॅडम, राजूरकर पयले.”

राजूरकरही उठले. “मुळीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या बघून मी कागद पुढे पाठवले. स्वतःच्या सहीवरून मागे फिरू? पिंपळशेंडे आधी लिहा.”

“ईवाईबुवा, तुमी मोठे हा. तुमचंच पयले,” नामदेवराव व्याह्यांना म्हणाले.

“मोठेपणा तुमचा. तुम्ही बैठकीत काही न मागता होकार दिलात. तुमचंच आधी.”

“मी नाई आयकणार!”

“मीही नाही ऐकणार!”

आवाज ऐकून साहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. “मिटलं का?”

“मिटलं होतं सर. पुन्हा लागलंय.”

“आता काय?”

“दोघांनाही आता दुसऱ्याचं आधी पाहिजे.”

साहेबांनी डोकं आत घेतलं.

मृत्यूच्या दाखल्याची बाई आपलं काम विसरून बघत होती. गौरव भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत होता. आणि हे दोघं चढत गेले. माणूस हट्टाला पेटतो तसा मोठेपणालाही पेटतो, आणि तो जास्त लवकर पेटतो.

“आदी-मंदीचं काही नाई!” नामदेवराव ओरडले. “आमचं आडनावच नोका टाकू. नुसतं राजूरकर लिवा. जा!”

“तुमचं नसेल तर आमचंही नको!” राजूरकरांनी टेबलावर हात आपटला. “आमचं काढून टाका. लिहा नुसतं पिंपळशेंडे!”

अडीच वाजले होते.

तेजस्विनी बाकावरून उठली. तिनं अन्वीला गौरवच्या हातात दिलं आणि माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, कोरा अर्ज आहे का?”

मी दिला.

“आई म्हणून माझी सही लागते ना?”

“लागते.”

“मग तीन वर्षांत मला कोणी विचारलं कसं नाही? दोघांना वाटतं माझ्या पोरीच्या नावाचा हक्क त्यांचा. यांना वाटतं ऑफिसचा. सोमवारी माझी नोकरी जाईल आणि हे इथं एकमेकांचा मान राखत बसलेत.”

ती मला म्हणाली नव्हती, पण मला लागलं. अर्जावर बापाच्या नंबरखाली आईचाही नंबर होता. मी बापाला फोन केला, दोन्ही आजोबांना बोलावलं, त्यांचे कागद तपासले. आईची सही नंतर घेऊ, असंच आम्ही नेहमी करतो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

तिनं उभ्यानंच अर्ज भरला, सही केली आणि गौरवपुढे धरला. “करा.” त्यानं वाचलाही नाही, केली. तो त्याचा त्या आठवड्यातला तिसरा अर्ज होता, आणि पहिला शहाणपणाचा.

मी नाव वाचलं. अन्वी तेजस्विनी गौरव. पुढे काही नाही.

“आडनाव?” मी विचारलं.

तिनं सासऱ्यांकडे बघितलं. “मामाजी म्हणाले त्यांचं नको. बाबा म्हणाले आमचं नको. सगळ्यांनी ऐकलंय. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणतात.”

दोन्ही म्हाताऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. आपण काय बोलून बसलो ते दोघांना एकाच वेळी कळलं, आणि मागे फिरायची सोय दोघांनीच बंद केली होती.

“अवं पोरी,” नामदेवराव हळू आवाजात म्हणाले, “ते आमी रागानं म्हटलं व.”

“मामाजी, तुमचं आडनाव सातबाऱ्यावर आहे, दुकानाच्या बोर्डावर आहे, यांच्या नावात आहे. ते कुठं चाललं?”

“आणि आमचं?” राजूरकर म्हणाले. हे मात्र ते भांडायला म्हणाले नाहीत. “आमचं तर माझ्यासोबत संपलंच मग.”

तेजस्विनीनं बॅगेतून ऑफिसचं आयकार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. “बाबा, वाचा. तेजस्विनी माधव राजूरकर. लग्न होऊन पाच वर्षं झाली, मी बदललं नाही. सर्व्हिस बुकात तेच, बँकेत तेच. तुम्ही नातीत शोधताय. मी आहे ना इथं.”

राजूरकरांनी ते कार्ड हातात घेतलं. चौतीस वर्षं कागद वाचणाऱ्या माणसानं हा एक वाचलाच नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि कार्ड तिला परत दिलं. मी कॉम्प्युटरकडे वळले आणि नाव चढवलं.

प्रिंट निघेपर्यंत पावणेतीन झाले. सहीसाठी केबिनमध्ये गेले. साहेबांनी विचारलं, “शेवटी कोणाचं आधी?” मी म्हटलं, “आईचं.” त्यांनी सही केली. गौरव, तेजस्विनी आणि मधे अन्वी, तिघं मोटरसायकलवरून वणीला गेले.

पावणेचारला मला शाळेच्या क्लार्कचा फोन आला.

“मॅडम, या पोरीचं आडनाव राह्यलं का टाइप करायचं?”

“राहिलं नाही. नाहीच आहे.”

“आमच्या फॉर्मात रकाना हाय ना पण.”

“असू द्या. कोरा सोडा. प्रमाणपत्रावर जे आहे तेच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही.”

त्यानं दोन मिनिटं कुरकुर केली आणि ॲडमिशन दिली. सोमवारी तेजस्विनी कामावर जॉइन झाली.

शुक्रवारची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मुलं वणीला गेल्यावर दोघं व्याही लगेच उठले नाहीत. मृत्यूच्या दाखल्याची बाई गेली होती, त्यामुळे बाकावर मधे कोणी नव्हतं. थोड्या वेळानं नामदेवराव सरकून जवळ बसले.

“सून तिखट हाय,” ते म्हणाले.

“लहानपणापासून अशीच आहे,” राजूरकर म्हणाले, आणि ते त्यांनी अभिमानानं म्हटलं.

तीन वर्षांतलं त्यांचं हे पहिलं सरळ बोलणं होतं. मग नामदेवराव म्हणाले, “दुसरं लेकरू झालं त पुन्ना बैठक बसवा लागन, ईवाईबुवा.”

“बसवू. या वेळी दोन्ही प्रती वाचून मगच सह्या.”

“वाचूनच.”

मी फाइल बंद करता करता विचारलं, “त्या बैठकीला तेजस्विनीला बोलवाल ना?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

“तिले कायले?” नामदेवराव म्हणाले.

त्या दिवसापासून आईची सही नसलेला नावाचा अर्ज मी इनवर्डच करत नाही. सरळ परत देते. निम्मे बाप कुरकुरत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सही घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच अर्जांवर नाव बदललेलं असतं.